गळ्यातली गाठ आणि राहून गेलेलं उत्तर

"हिच्यासोबत कोणी आलंय का, बघ जरा."

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर हे मला म्हणाल्या नव्हत्या. दाराजवळ उभ्या असलेल्या मदतनीस बाईंना त्यांनी ते हळूच सांगितलं आणि माझ्या गळ्यावरचं ते गार यंत्र पुन्हा उजवीकडे सरकवलं. त्याआधी त्या माझ्याशी छान गप्पा मारत होत्या. नोकरी कुठे, अंबडला कशानं जातेस, सकाळी बस मिळते का. त्या वाक्यानंतर त्यांनी मला काहीच विचारलं नाही.

रिपोर्ट दोन दिवसांनी हातात आला, सुईची तपासणी त्याच्याही नंतर झाली. पण मला कळलं ते त्या वाक्यावरून. साध्या सुजेसाठी आलेल्या माणसासोबत कोण आहे, हे कुणी बघायला पाठवत नाही.

सोबत कोणीच नव्हतं. गंगापूर रोडवरच्या त्या सेंटरमध्ये मी ऑफिसात अर्धी रजा टाकून एकटी गेले होते. घरी सांगितलंच नव्हतं. न सांगणं ही माझी जुनी सवय आहे, आणि हे लिखाण खरं तर त्या सवयीबद्दल आहे. आजार मध्ये आला.

मी सत्तावीस वर्षांची आहे. इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मराठीत सलग एवढं पहिल्यांदाच लिहिते आहे. चुका मम्मीने काढल्या आहेत. इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं, पण जे घडलं ते मराठीत घडलं. आरशासमोर वेणी घालताना ज्यांच्या बोटांना गळ्यावर गाठ लागली आहे आणि ज्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आधी सांगा. बाकी नंतर.

चांगला कॅन्सर

"थायरॉईडचा आहे," सर्जन म्हणाले. "घाबरू नका. कॅन्सरमध्ये निवडायची सोय असती ना, तर आम्ही डॉक्टरांनी हाच निवडला असता."

मम्मी डोळे पुसत हसली. मला मात्र राग आला. मला कुठे कुणी निवडायला दिलं होतं? पुढे हेच वाक्य मला नातेवाइकांनी, ऑफिसातल्यांनी, एका रिक्षावाल्यानेही ऐकवलं. कुणाला भेटायला गेलात तर कृपा करून हे म्हणू नका. खरं असलं तरी.

मग त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं. आवाजाची नस त्या गाठीला अगदी खेटून जाते. ते जपून काम करतील, पण आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो.

"आणि बाकीच्यांचा?" पप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "बघू या ना."

माझे पप्पा एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झाले. रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत गायनाला पहिला सूर त्यांचा लागतो, पेटीच्याही आधी. अशा माणसाला मुलीच्या आवाजाची काळजी वाटणारच. पण आत्याने फोनवर अगदी सहज म्हटलं, "अरे, ती बोलते कुठे? आवाज गेला तर आपल्याला कळणार तरी आहे का?" फोन स्पीकरवर होता. सगळे हसले. मीही हसले.

पप्पांना माझ्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना सांगायची होती.

"पाळकसाहेबांना सांगतो. रविवारी तुझं नाव घेतील."

"नको."

"नको म्हणजे?"

"सगळे बघतील, पप्पा."

"बघू दे की! आपलीच माणसं आहेत."

शेवटी तडजोड झाली. रविवारी 'आजारी असलेल्या एका भगिनीसाठी' प्रार्थना झाली. पण पप्पा माझ्या शेजारी उभे राहून इतके हमसून रडले की ती भगिनी कोण, हे शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळलं.

सातवी मुलगी

इथे थोडं मागे जावं लागेल.

आमच्यात मुलं पंधरा-सोळा वर्षांची झाली की त्यांचं दृढीकरण होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण तान्हे असतो, म्हणून आईवडील आपल्या वतीने विश्वास कबूल करतात. दृढीकरणात तोच विश्वास आपण मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा असतो. त्याआधी काही महिने शनिवारी दुपारी वर्ग असतो. आमच्या वर्गात आम्ही सात जण होतो.

शेवटच्या वर्गात पाळकसाहेबांनी वही मिटायला सांगितली. "आता पाठ केलेलं नको. एकेकाने उभं राहून सांगा. येशू तुझा कोण?"

एक म्हणाली, तारणारा. एक म्हणाली, मित्र. एका मुलाने "बॉस" म्हटलं आणि डोक्यात टपली खाल्ली. मी सातवी होते. सहावा मुलगा बोलत असतानाच कुणीतरी बोलवायला आलं, मंडळीतल्या एक आजी वारल्या होत्या. पाळकसाहेब घाईने उठले आणि जाता जाता म्हणाले, "स्नेहल, तुझं राहिलं. पुढच्या वेळी."

पुढची वेळ आलीच नाही. दृढीकरणाच्या दिवशी प्रश्नांची उत्तरं सगळ्यांनी एका सुरात द्यायची होती. मी पांढऱ्या साडीत उभी राहिले आणि नुसते ओठ हलवले. कुणाच्या लक्षात आलं नाही. मम्मी आनंदाने रडत होती.

मी येशूला मानत नव्हते असं नाही. मानत होते. पण त्याचं नाव तोंडातून काढायची वेळ आली की माझा घसा आवळायचा. लाजाळूपणा होता आणि भीतीही. आमच्या आडनावावरून काही कळत नाही, समोरचा आपल्याला हवं ते धरून चालतो. ऑफिसच्या कॅंटीनमध्ये एकदा नवीन आलेल्या एका मुलाबद्दल विषय निघाला. "ख्रिश्चन आहे म्हणे तो. आजोबांना गव्हाची किती पोती मिळाली होती विचारा." सगळे हसले. धान्यासाठी धर्म बदलला, असा तो टोमणा. मी डब्यातली भाजी खाली मान घालून संपवली. कुणी मला विचारलं नव्हतं, म्हणजे मी खोटं बोलले नव्हते, असा हिशोब मी मनाशी लावला.

हिरामावशी

दवाखान्यात भरती होताना काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरता भरता विचारलं, "धर्म?"

"ख्रिस्ती," पप्पा म्हणाले, शास्त्रपाठ वाचताना लागतो त्या आवाजात. मी मागे वळून रांगेत कोण आहे ते बघितलं.

वॉर्डात सहा खाटा होत्या. माझ्या शेजारच्या खाटेवर सटाण्याजवळच्या एका गावातली बाई होती. हिराबाई. कांद्याची शेती, साठीच्या आसपास वय, मोठं कुंकू. तिच्या गळ्यातली गाठ दहा वर्षांची होती आणि पदराखाली लपत नव्हती.

"काय नाव शे तुनं, माय?"

"स्नेहल."

"तुले पन गाठ शे? दिसत तर नाही."

"आत आहे."

"मनी बघ." तिने पदर बाजूला केला. "आख्खा कांदा शे. लिलावात ठेवला तर पहिला नंबर येई."

समोरच्या खाटेवरची बाई खो खो हसली. मलाही हसू आलं. कळल्यापासून मी पहिल्यांदाच मोकळं हसले असेन. हिरामावशी सुनेशी अहिराणीत बोलायची आणि माझ्यासाठी त्यात जमेल तेवढी शहरी मराठी मिसळायची. तासाभरात तिने मला अर्धी भाकरी खायला लावली, माझी उशी बदलून आणली आणि सिस्टरला सांगून टाकलं, "ही मनी लेक शे. सुई हळू टोचजो."

मग तिने विचारलं, "घाबरू नको. देवी शे ना. तुमचं कुळदैवत कोनतं?"

आमच्याकडे हा प्रश्न गाव कुठलं, इतक्या सहज विचारतात. त्यात काही वाकडं नव्हतं. समोरच्या दोन बायका ऐकत होत्या. मी म्हणू शकले असते, मावशी, आम्ही ख्रिस्ती. तीन शब्द. त्यांनी "हो का" म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण या वेळी मी नेहमीसारखी गप्पही राहिले नाही.

"गडावरचीच," मी म्हणाले.

"वणीची? मंग आपली एकच माय शे!" तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे तळहात खरखरीत आणि गरम होते. मला तो हात सोडवून घ्यायचा होता आणि घेताही येत नव्हता.

थोड्या वेळाने तिला रक्ततपासणीला नेलं, आणि पप्पा डबा घेऊन आले. डबा ठेवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरुवात केली, "हे दयाळू स्वर्गीय बापा..."

हिरामावशी कुठल्याही क्षणी परत आली असती.

"पप्पा, हळू."

ते थांबले. पुन्हा सुरू झाले, थोडं हळू.

"पप्पा, प्लीज. मनातल्या मनात करा ना."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पुन्हा डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. पांढरी साडी नेसून मी तशीच उभी राहिले होते.

ई म्हणा

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. थिएटरमध्ये खूप थंडी असते, आत जाताना मोजे मागून घ्या. जाग आली तेव्हा गळ्यातून एक नळी खाली बाटलीत गेली होती. मान लाकडाची झाली होती. पाणी मागायला तोंड उघडलं आणि हवा बाहेर आली. नुसती हवा.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता राउंडला सर्जन आले.

"ई म्हणा."

मी म्हटलं. फुग्यातून हवा जावी तसा आवाज आला.

"पुन्हा."

तेच.

"नसेला ताण बसलाय. वेळ लागेल," ते म्हणाले. किती, ते सांगितलं नाही. मग शेजारी वळले. हिरामावशीचं ऑपरेशन माझ्या आधी झालं होतं. तिने असा "ईऽऽ" काढला की दारातून वॉर्डबॉय डोकावला. तिला स्वतःलाच हसू आलं आणि हसताना टाके दुखले. मग माझ्याकडे बघून तिचं हसू गेलं.

त्या चार दिवसांत तिचा आवाज मीच वापरला. या ऑपरेशननंतर कॅल्शियम कमी झालं की ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. ते लगेच सांगायचं असतं, आणि मला हाक मारता येत नव्हती. मावशीने तोड काढली. मी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा, एकदा पाण्यासाठी, दोनदा सिस्टरसाठी. मी दोनदा टण टण केलं की ती खाटेवरूनच ओरडायची, "ओ शिष्टर! पोरगीले मुंग्या यी ऱ्हायन्यात! चहा मंग प्या!"

सिस्टर धावत यायची. "मावशी, तुम्हाला बोलू नका सांगितलंय ना?"

"मी कुठं बोलनू? ही बोलनी."

तिसऱ्या दिवशी तिची सून गावाहून आली. तिने आणलेल्या पुडीतलं कुंकू मावशीने आधी माझ्या कपाळावर लावलं, मग स्वतःच्या. आणि हात जोडून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलली, "माय, ह्या पोरीना आवाज येऊ दे. तिले लईसन मी गड चढसू, दोन्हीजनी तुनी ओटी भरसूत."

माझ्या नावाने नवस बोलली होती ती. स्वतःसाठी तिने काही मागितलं नव्हतं, मी नंतर सुनेला खुणेने विचारलं होतं. मी खाटेवर बसून होते आणि माझ्यापाशी आवाज नव्हता. ऑपरेशनच्या आधी होता, तेव्हा तो मी खोटं बोलायला वापरला.

बाथरूममध्ये जाऊन मी ओल्या टॉवेलने कपाळ पुसलं. मम्मीच्या हाताला तो टॉवेल लागला आणि ती घाबरली. "रक्त कुठून आलं? टाका उसवला का?" मी नकारार्थी मान हलवली. तिने टॉवेल नाकाजवळ नेला, शेजारच्या खाटेकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे बघितलं. मग टॉवेलची घडी घातली, लाल भाग आत करून.

संध्याकाळी माझे केस विंचरताना ती हळू म्हणाली, "पप्पांना नाही सांगत मी. कुंकवाचं मला काही नाही. तिने मायेने लावलं. पण ती तुझ्यासाठी एवढा जीव टाकते आहे, तिला खोट्यात ठेवू नकोस."

घडी घातलेला कागद

मला बोलता येत नव्हतं म्हणून सिस्टरने एक वही दिली होती. मावशीला सोडायच्या दिवशी सकाळी मी त्यातल्या एका पानावर लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा ठेवलं. 'मावशी, मी तुमच्याशी खोटं बोलले. आमचं कुलदैवत गडावरची देवी नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत. मला माफ करा. नवस बोलू नका.' खाली नाव.

मी तो कागद तिच्या हातात दिला. तिने तो उलटा धरला, मग सुलटा केला.

"माले वाचता कुठं येस, माय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार दिवस मी ज्या बाईच्या आवाजावर जगले, तिला वाचता येतं की नाही हेही मला माहीत नव्हतं. मी सुनेकडे बोट दाखवलं, पण सून औषधं आणायला खाली गेली होती. मावशीने कागदाची नीट घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेली. दोघींना तपासणीसाठी अडीच महिन्यांनी एकाच दिवशी बोलावलं होतं.

मला वाटलं, सून वाचून दाखवेल. मग मावशी रागावेल, आणि पुन्हा कधी भेटली तर तोंड फिरवेल. खरं सांगायचं तर मला त्यात सुटका वाटली. काम कागदाने केलं असतं. दृढीकरणाच्या दिवशी बाकीच्या सहा जणांनी माझं काम केलं होतं, तसंच.

बंद खोलीतले तीन दिवस

पुढच्या उपचारात एक किरणोत्सारी औषध देतात, त्यानंतर तीन दिवस एका खोलीत एकटं राहावं लागतं. जेवण दारापाशी ठेवतात. मम्मी काचेपलीकडून हात हलवायची. तोवर माझा आवाज थोडा आला होता, पण घोगरा आणि मधेच तुटणारा. लांब वाक्य अर्ध्यावर संपायचं.

त्या खोलीत मला येशूचा शिष्य पेत्र आठवत राहिला. येशूला पकडून नेल्यावर मुख्य धर्मगुरूच्या वाड्याच्या अंगणात विस्तवापाशी त्याला एक दासी विचारते, तूही त्याच्याबरोबरचा ना? आणि तो म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. याच पेत्राने आधी सगळ्या शिष्यांच्या पुढे होऊन येशू हा जिवंत देवाचा पुत्र आहे असं सांगितलं होतं. संडे स्कूलमध्ये मला पेत्राचा राग यायचा. एक साधी दासी तर होती. मला विचारणारी तर स्वतःच गळ्याच्या ऑपरेशनला आलेली, मला भाकरी भरवणारी बाई होती.

मग त्या गोष्टीतलं दुसरं काही लक्षात आलं, जे इतक्या वेळा ऐकूनही आलं नव्हतं. अंगणात पेत्राला प्रश्न विचारला जात होता, त्याच वेळी आत येशूलाही विचारला जात होता, की तू कोण आहेस? त्याने खरं सांगितलं. ते त्याच्या जिवावर बेतणार हे माहीत असून सांगितलं. बाहेर मित्र स्वतःला वाचवत होता आणि आत तो त्या मित्रासाठीच मरायला तयार झाला होता. मेलेल्यांतून उठून पुढे भेटल्यावर त्याने पेत्राला टाकून दिलं नाही.

ऑपरेशनपासून माझी प्रार्थना एकच होती. आवाज परत दे, मग मी तुझं नाव घेईन. त्या खोलीत मला कळलं की हाही नवसच होता, आणि मावशीच्या नवसापेक्षा कमी किमतीचा. तिने दुसऱ्यासाठी मागितलं होतं. आणि मुळात मी येशूला गळ्याचा डॉक्टर समजत होते, काम झालं की फी द्यायची असा. तो तसा नव्हता. मी बरी होवो न होवो, तो जो आहे तो होताच. उत्तर द्यायचं राहिलं होतं ते माझं.

मी भिंतीकडे तोंड करून त्याचं नाव मोठ्याने घ्यायचा प्रयत्न केला. आवाज फाटला. लगेच भिंतीवरच्या स्पीकरमधून विचारलं गेलं, "काही पाहिजे का मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. त्याच्या नावाऐवजी पुन्हा नकारच निघाला.

तपासणीचा दिवस

बाह्यरुग्ण विभागात खुर्च्या भरलेल्या होत्या. मम्मी केसपेपर काढायच्या रांगेत गेली. मी दाराजवळ उभी होते, तेवढ्यात मागून खणखणीत हाक आली, "मना कांदा गया! बघ!"

हिरामावशीच्या गळ्यावर आता फक्त एक आडवी रेघ होती. तिने मला ओढून शेजारी बसवलं. आजूबाजूचे लोक बघत होते.

"बोल ना काही. आवाज उना का?"

"थोडा," मी म्हणाले. तो शब्दही मधेच खरडला.

"येई, येई. मी देवीले सांगेल शे." मग तिने कमरेची पिशवी उघडली आणि त्यातून माझा कागद काढला. घडी तशीच होती, फक्त कडा मळल्या होत्या. "सून म्हने, आत्या, वाचू का? मी म्हटलं, नको. पोरीनं तोंड उघडेल नव्हतं म्हनून लिखं. तिना आवाज येई तवय तिना तोंडून ऐकसू." तिने तो माझ्या मांडीवर ठेवला. "आता वाच."

कागदाने काम केलं नव्हतं. अडीच महिने तो तिच्या कमरेला होता आणि माझी वाट बघत होता.

मी घडी उलगडली नाही. वाचलं असतं तर मान खाली राहिली असती.

"मावशी," मी म्हणाले, "मी खोटं बोलले. गडावरची नाही. आम्ही ख्रिस्ती."

तिला नीट ऐकू आलं नाही. ती पुढे वाकली. मला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. समोरच्या रांगेतल्या एका माणसाने मोबाइलवरून मान वर केली.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात माझ्या हातावर होता, तो तिने काढला नाही, पण दाब कमी झाला होता.

"मंग गडावरची का म्हटली?"

"घाबरले."

"माले?" ती मागे टेकली. "माले घाबरनी! शिष्टर माले घाबरत नाही, मनी सून घाबरत नाही, आनि तू घाबरनी!" ती हसली, पण डोळ्यांत हसू पूर्ण नव्हतं. "मी तुनं नाव लईसन नवस बोलनू, पोरी."

"माहितीये. म्हणूनच लिहिलं."

नर्सने कुणाचं तरी नाव पुकारलं. मम्मी केसपेपर घेऊन आली होती आणि दोन पावलांवर थांबली होती.

"बोलनू ते बोलनू," मावशी शेवटी म्हणाली. "मना नवस मी फेडसू. तू नको येऊ. देवी काही कोर्टात उभी नाही करत." तिने पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "पन माले सांग. तुमना तो येशू. तो तुना कोन शे?"

अकरा वर्षांपूर्वी पाळकसाहेब घाईने उठून गेले होते. प्रश्न तिथेच राहिला होता, आणि आता तो सटाण्याच्या एका बाईने माझ्यासमोर आणून ठेवला होता. घसा आवळला. नेहमीसारखाच आवळला. त्यात टाक्यांची ओढ होती, नसेची होती, भीतीही होती. मी श्वास घेतला, डॉक्टरांनी शिकवला होता तसा, पोटातून.

आवाज तीन ठिकाणी तुटला, पण मी थांबले नाही.

"तो जिवंत देवाचा पुत्र आहे, मावशी. माझा प्रभू आहे. तुमच्यापाशी मी त्याचं नाव लपवलं, त्या दिवशीही तो माझाच होता."